लोफर: पायातला आणि नाक्यावरचा

इंग्रजीत लोफर या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, काम न करता हिंडणारा माणूस. दुसरा, नाडी नसलेला, नुसता पाय सरकवून घालायचा बूट. बूट काचेच्या कपाटात मांडला जातो. माणूस मात्र आमच्या मोहल्ल्यात चहाच्या हॉटेलसमोर उभा दिसला, की त्याला शिवी म्हणून हाच शब्द मिळतो. शिवी देणारे परके असतात असं नाही. आपलेच हाजीसाहेब, आपलेच मास्तर, आपलेच मामू देतात.

आधी बुटाचं सांगतो, कारण ते थोडक्यात आहे. नॉर्वेतल्या आउरलांड भागात असे बूट बनत. 1930 च्या दशकात अमेरिकनांनी ते उचलले. जी. एच. बास कंपनीने 1936 मध्ये 'नॉर्वेजियन्स'चा शेवटचा तुकडा घेऊन 'वीजन्स' नावाने ते बाजारात आणले. लोफर हे नाव शोभलं, कारण हे बूट आरामाचे, सुटीच्या दिवसाचे. पैसेवाल्याचं बसणं म्हणजे विश्रांती, आणि तिच्यासाठी वेगळं पादत्राणसुद्धा मिळतं!

माणसाला लावला जाणारा शब्द त्याहून जुना. 1830 च्या दशकापासून तो अमेरिकेत छापलेला सापडतो. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की इंग्रजांच्या राज्यात हिंदुस्थानात लोफर म्हणजे गोरा भटक्या. नोकरी सुटलेला सोल्जर, जहाज सोडून आलेला खलाशी, रेल्वेच्या कामावरून काढलेला मजूर. असे कफल्लक गोरे रस्त्यावर दिसले तर साहेबाचा रुबाब जातो, म्हणून सरकारने 1869 मध्ये आणि पुन्हा 1874 मध्ये 'युरोपियन व्हेग्रन्सी ॲक्ट' केला. गोऱ्या भटक्यांना वर्कहाऊसमध्ये ठेवायचं, जमलं तर देशाबाहेर रवाना करायचं, अशी त्यात तरतूद होती. किपलिंगची 1888 ची 'द मॅन हू वुड बी किंग' ही कथा अशाच दोन गोऱ्या उडाणटप्पूंची आहे.

गोरे गेले, शब्द मागे राहिला आणि नव्या कपाळाच्या शोधात निघाला. 1973 मध्ये धर्मेंद्र-मुमताजचा 'लोफर' आला. तेव्हा पडद्यावरच्या लोफरवर पब्लिकने शिट्ट्या वाजवल्या. थिएटरबाहेर तसाच मुलगा दिसला की पोलिसाची काठी.

मालेगावचं उदाहरण घ्या. पॉवरलूमवर बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात. रात्रपाळी करून सुटलेला पोरगा सकाळी हॉटेलवर कटिंग घेत उभा असतो. घरात झोपायला जागा नाही. एका खोलीत सहा माणसं आणि शेजारी खडखडणारे माग. ऑफिसला निघालेला सभ्य माणूस त्याला बघतो आणि म्हणतो, "बघा, सकाळी सकाळी लोफर जमले." ज्याने रात्रभर कापड विणलं त्याला रिकामटेकडा म्हणायचं, आणि तेच कापड अंगावर घालून म्हणायचं.

उर्दू शिकवताना मी मुलांना 'बदमाश' शब्द फोडून दाखवतो. बद म्हणजे वाईट, मआश म्हणजे उपजीविका. अर्थशास्त्राला उर्दूत मआशियात म्हणतात, त्यातलाच हा मआश. ज्याच्या रोजीरोटीचं बिनसलं तो बदमाश! त्या शब्दात निदान रोजगाराची आठवण तरी शिल्लक आहे. लोफरमध्ये तीही नाही. डीएड, बीएड करून जाहिरातीची वाट पाहणारी मुलं मी बघतो. त्यांचं पस्तिशीपर्यंतचं थांबणं हा त्यांचा स्वभाव कसा झाला?

कायद्यानेही हेच केलं. मुंबईचा 1959 चा भिक्षा प्रतिबंधक कायदा उघडून पाहा. भीक मागण्याच्या व्याख्येत तिथे असाही माणूस बसवला आहे, ज्याच्याकडे उपजीविकेचं दिसतं साधन नाही आणि जो सार्वजनिक जागी अशा रीतीने फिरतो वा थांबतो की भिकेवर जगत असावा असं वाटावं. हात पसरलाच पाहिजे असं नाही, तसं 'वाटलं' तरी पुरे. आणि वाटणार कोणाला? दाढी, टोपी, चप्पल बघून ज्याला वाटायचं त्याला.

आता कोणी म्हणेल, मास्तर, नाक्यावरची पोरं मुलींना छेडतात त्याचं काय? छेडतात. मी त्यांची बाजू घेत नाही. पण मग त्या कृत्याला त्याच्या नावाने हाक मारा. मुलीचा पाठलाग करणं हा 2013 पासून स्वतंत्र गुन्हा आहे. तिथे 'जाऊ द्या, लोफर आहे' म्हणणं म्हणजे गुन्हेगाराला सवलत देणं. एकाच शब्दात छेडणारा आणि नुसता थांबलेला असे दोघे कोंबले, की पहिला सुटतो आणि दुसरा मार खातो.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं मुंबईवरचं 'व्हाय लॉइटर?' हे पुस्तक 2011 मध्ये आलं. बायकांनाही विनाकारण रस्त्यावर रेंगाळायचा हक्क हवा, आणि तो गरीब, मुसलमान पोरांना हुसकावून मिळणार नाही, असं त्या मांडतात. आपल्या वस्तीत हे जास्तच लागू आहे. मुलाला निदान लोफर म्हणवून घेत उभं तरी राहता येतं. बारावी झालेली त्याची बहीण क्लास, शिलाई, घर एवढ्याच फेऱ्या मारते. तिला बसायला बाग नाही, वाचनालय नाही, ओटा तर नाहीच.

हे मी स्टाफरूममध्ये बोललो तर एक सहकारी म्हणाले, "सर, आता मुलींनाही लोफर बनवणार का?"

म्हटलं, हो. रोज संध्याकाळी तासभर तरी.