दाताच्या खुर्चीवरचा ग्राहक

राधानगरीच्या वाड्या-वस्त्यांवरचा शेतमजूर दाढ ठणकली की मिश्री दाबतो, लवंग चावतो आणि अगदीच असह्य झाले की मजुरी बुडवून दवाखाना गाठतो. तोंडात जाणारे अवजार आधी कुणाच्या तोंडात होते, हे विचारायची त्याची छाती होत नाही. आम्ही म्हणतो, विचारलेच पाहिजे!

ब आणि क प्रकारची कावीळ दूषित अवजारांतून पसरू शकते. अवजारे नुसती पाण्यात उकळून भागत नाही. ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालची वाफ 121 अंशांवर किमान 15 मिनिटे लागते. सुई दरवेळी नवी हवी. वापरलेल्या सुया बंद डब्यातच टाकायच्या, हा 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांचा दंडक आहे. खाट नसलेल्या दवाखान्यालाही त्यातून सूट नाही.

सरकारी दवाखान्यांत अस्पृश्यांना समान वागणूक द्या, असा हुकूम शाहू महाराजांनी 1919 साली काढला. दार तेव्हाच उघडले. आत काय दर्जाचे उपचार मिळतात, याचा जाब कोण विचारणार?

1995 च्या व्ही. पी. शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. दिलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. मुदत 2 वर्षांची. मात्र जिथे सर्वांनाच मोफत उपचार होतात, तिथला रुग्ण 'ग्राहक' ठरत नाही. म्हणजे ज्याच्या खिशात दमडी नाही, त्यानेच दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या! हा भेद आम्हाला मान्य नाही.

पैसे मोजणाऱ्या बांधवांनी तरी पावती घ्यावी, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक टिपून ठेवावा. पावती नसली की कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगापुढे पैसे दिल्याचे शाबीत करताना आम्हा वकिलांच्याही नाकी नऊ येतात.