पोट बाळाचे, हट्ट आपला

‘हा काहीच खात नाही हो!’ सव्वा-दीड वर्षाचे मूल असलेल्या घरात हे वाक्य ऐकू येत नाही, असे घर शोधावे लागेल. वर्षाचे होईपर्यंत खिमट, नाचणीची पेज, मऊ वरण-भात निमूट खाणारे बाळ चालायला लागले की तोंड फिरवू लागते. मग एका हातात वाटी आणि दुसऱ्या हातात मोबाइल घेऊन आई किंवा आजी त्याच्यामागे घरभर, गॅलरीत, जिन्यात फिरू लागते. चिऊ-काऊचे घास संपले की कार्टून लागते. कार्टूनही पुरेनासे झाले की धाक दाखवला जातो आणि धाकाचाही उपयोग होईना की दोन्ही हात धरून चमचा तोंडात कोंबला जातो. एकेक जेवण तास तास चालते. शेवटी मूल रडत असते, आई थकलेली असते आणि घरातले कोणी तरी ‘तुला भरवताच येत नाही’ असे म्हणून मोकळे झालेले असते.

दिवसातून तीनदा होणारा हा तंटा बहुतेक घरांत अनाठायी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलाने किती खावे, हे ठरवण्याचे काम मुलाच्या पोटावर सोडावे. मोठ्यांनी काळजी करायची ती त्याच्यासमोर काय ठेवतो, कधी ठेवतो आणि कसे ठेवतो याची. आपल्याकडे नेमके उलटे चालते. किती खाल्ले याचा हिशेब घासाघासाला होतो आणि काय खाल्ले याकडे कानाडोळा होतो.

भूक का मंदावते?

आधी साधे गणित पाहू. जन्मताना साधारण तीन किलोचे बाळ पहिल्या वाढदिवसाला नऊ किलोच्या आसपास असते, म्हणजे वजन तिप्पट होते. वाढीचा हाच वेग टिकला असता, तर दुसऱ्या वाढदिवसाला ते २७ किलोचे झाले असते! निसर्ग तसे होऊ देत नाही. दुसऱ्या वर्षात वजन दोन ते अडीच किलोनेच वाढते आणि पुढची काही वर्षे दरवर्षी साधारण दोन किलोने. वाढीला गाडीची उपमा द्यायची, तर गाडी घाटातून सपाटीवर आलेली असते. इंधन कमी लागणारच. म्हणूनच वर्षानंतर किलोमागे लागणारे अन्न कमी होते आणि भूक मंदावलेली दिसते. ही ना दृष्ट लागण्याची खूण, ना यकृताच्या बिघाडाची.

याच वयात आणखी दोन गोष्टी घडतात. मुलाला पाय फुटतात, जग बघायचे असते. एका जागी बसून राहणे ही त्याला शिक्षा वाटते. दुसरे म्हणजे ‘नाही’ म्हणता येते, याचा शोध लागतो. त्याच सुमारास नवीन चवीची, नवीन रंगाची भीतीही वाढते. काल आवडलेली पालेभाजी आज थुंकली जाते. नवा पदार्थ स्वीकारायला मुलाला आठ-दहा, कधी पंधरा वेळाही तो समोर यावा लागतो, असे संशोधन सांगते. आपण दोन-तीनदा देऊन पाहतो आणि ‘याला भाजी आवडतच नाही’ असा शिक्का मारतो. तो शिक्का पुढे वर्षानुवर्षे पुसला जात नाही.

पोटाला हिशेब कळतो

‘मुलावर सोडले तर ते उपाशीच राहील’ ही भीती स्वाभाविक आहे. पण ती कितपत खरी आहे, याचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतील संशोधक लीन बर्च यांनी दोन ते पाच वर्षांच्या १५ मुलांचे खाणे मोजले. हा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. एकेका जेवणातून मिळणाऱ्या ऊर्जेत सरासरी ३४ टक्क्यांच्या आसपास चढउतार होता. पण दिवसभराची बेरीज केली, तर तो जेमतेम १० टक्के उरला. म्हणजे सकाळी कमी खाल्ले, तर मूल दुपारी किंवा संध्याकाळी भरपाई करते. आईला दिसते ते एक जेवण. पोट हिशेब ठेवते तो दिवसाचा.

आग्रहाचा परिणाम काय होतो, हेही तपासले गेले आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मुलांना सूप देऊन काहींना ‘संपव, संपव’ असा आग्रह केला, काहींना केला नाही. आग्रह न झालेल्या मुलांनी जास्त सूप प्यायले. आग्रह झालेल्यांनी कमी प्यायले आणि कुरकुरही जास्त केली. घरोघरच्या अनुभवाहून हे काही वेगळे नाही.

त्याहून जुना प्रयोग अमेरिकेच्या डॉक्टर क्लारा डेव्हिस यांचा. १९२६ पासून त्यांनी नुकत्याच अंगावरून सुटलेल्या बाळांसमोर तीसहून अधिक साधे पदार्थ ठेवले: दूध, धान्य, भाज्या, फळे, अंडी, मांस. बाळ बोट दाखवेल तेच आणि तेवढेच द्यायचे, आग्रह नाही की नापसंती नाही. एकूण १५ मुलांची निवड दररोज चमत्कारिक असायची, पण दीर्घ काळात सगळ्यांची वाढ उत्तम झाली. मुडदूस झालेल्या एका बाळाने तर बरे होईपर्यंत कॉड माशाचे तेल आपणहून घेतले. यावरून ‘मुलाला हवे ते खाऊ द्या’ असा निष्कर्ष काढणारे एक गोष्ट विसरतात. त्या ताटांत बिस्किटे, साखर, वेफर्स नव्हतेच. डेव्हिस यांनी स्वतःच सांगितले होते की, खरी मेख पदार्थांच्या यादीत आहे. निवड मुलाची, यादी मोठ्यांची.

मग पोट भरते कशाने?

यादीवरच आपल्या घरांत घोळ होतो. या वयाच्या मुलाला दिवसाला साधारण हजार किलोकॅलरी लागतात. म्हशीच्या १०० मिली दुधात १००हून थोड्या अधिक किलोकॅलरी असतात. ‘जेवत नाही, निदान दूध तरी पिऊ दे’ म्हणून २०० मिलीचे तीन पेले दूध दिले, की सहाशेच्या वर गेलो. दुधात वरून साखर आणि पावडर. मध्येच चार ग्लुकोज बिस्किटे, म्हणजे आणखी साधारण शंभर. दिवसाच्या गरजेचा पाऊण भाग जेवणाआधीच संपला. मग ते मूल वरण-भाताकडे पाठ फिरवते, यात त्याचा काय दोष? ते ‘काहीच खात नाही’ असे नसते. त्याचे पोट भरलेले असते.

यातला खरा धोका वजनापेक्षा रक्ताचा आहे. दुधात लोह जवळजवळ नसते आणि त्यातल्या कॅल्शियममुळे इतर अन्नातले लोहही कमी शोषले जाते. दुधावर वाढणारे मूल गुटगुटीत, गोरेपान दिसू शकते. तो गोरेपणा अनेकदा पांडुरोगाचा फिकेपणा असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६७.१ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण ६८.९ टक्के होते. एवढे मोठे प्रमाण केवळ गरिबांच्या वस्तीतले असू शकत नाही. मेंदूची झपाट्याने वाढ होण्याच्या वयात लोह कमी पडले, तर शिकण्यावर, एकाग्रतेवर परिणाम होतो आणि तो नंतर पूर्णपणे भरून निघेलच, याची खात्री नसते. लोह कमी झाले की भूकही मंदावते. मग आणखी दूध, आणखी कमी जेवण, असे हे दुष्टचक्र आहे.

म्हणून वर्षानंतर वरचे दूध दिवसाला ४०० ते ५०० मिलीपेक्षा जास्त नको आणि तेही पेल्यातून, जेवणानंतर. झोपेत तोंडात बाटली तर नकोच. दुधाचे दात किडण्याचे ते मोठे कारण आहे. स्तनपान दोन वर्षांपर्यंत चालू ठेवायला हरकत नाही, उलट ठेवावेच. पण जेवणाच्या जागी नव्हे, जेवणासोबत. ‘हेल्थ ड्रिंक’ पावडरींची गरज नाही. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ई-कॉमर्स कंपन्यांना अशी पेये या वर्गवारीतून काढायला सांगितले, त्याला हेच कारण होते की आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ नावाचा प्रकारच नाही. भुकेच्या औषधांचेही तसेच. त्यांपैकी काहींत मुळात अ‍ॅलर्जीवरचे, झोप आणणारे औषध असते. दुकानातून परस्पर आणून देण्याची ती वस्तू नव्हे.

मोबाइलचा घास

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले की, दोन वर्षांखालील मुलांना पडद्यासमोर बसवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात एक तासाहून अधिक वेळ बसवू नये. आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारसही जवळपास हीच आहे. जेवणातला मोबाइल मात्र नुसत्या ‘स्क्रीन टाइम’च्या हिशेबात बसणारा नाही. पडद्यात गुंगलेले मूल यंत्रासारखे तोंड उघडते. त्याला चव कळत नाही, वास कळत नाही आणि पोट भरल्याची जाणीवही होत नाही. आपल्याला वाटते, वाटी संपली. प्रत्यक्षात भूक ओळखण्याची जी समज घेऊन ते जन्माला आले, ती आपण बोथट केलेली असते. आज ‘खात नाही’ म्हणून, आणि दहा-बारा वर्षांनी ‘थांबतच नाही’ म्हणून चिंता करायची वेळ येते.

धावत्या, रडत्या मुलाच्या तोंडात घास घालण्यात आणखी एक सरळ धोका आहे: घास श्वासनलिकेत जाण्याचा. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षे चार वर्षांपर्यंत देऊच नयेत. शेंगदाण्याचे कूट द्यावे, द्राक्षे उभी चिरून द्यावीत. आणि मूल बसलेले असेल, तेव्हाच खायला द्यावे.

मोबाइल लावणाऱ्या आईला दोष देणे सोपे आहे, ते मी करणार नाही. नोकरीवर जायचे असते, पाळणाघराची वेळ गाठायची असते आणि वजन भरले नाही तर बोल तिलाच लागणार असतो. गुटगुटीत बाळाचे कौतुक सगळ्या घराचे आणि बारीक बाळाचा ठपका एकट्या आईवर, हा आपला न्याय आहे. तो बदलल्याशिवाय मोबाइल सुटणार नाही. बाबांनी रोजचे एक जेवण आपल्याकडे घेतले आणि आजी-आजोबांनी वाटीऐवजी वाढीचा तक्ता पाहिला, तर निम्मा ताण तिथेच उतरेल.

सगळ्या घरांना एकच सल्ला?

‘मुलावर सोडा’ हा सल्ला शहरी, खाऊनपिऊन सुखी घरांसाठी ठीक. कुपोषण असलेल्या भागात तो घातक नाही का, असा आक्षेप घेतला जाईल. आक्षेप रास्त आहे. त्याच सर्वेक्षणानुसार देशात सहा ते २३ महिने वयाच्या मुलांपैकी जेमतेम ११ टक्के मुलांना वयानुसार किमान पुरेसा आहार मिळतो. जिथे ताटातच पुरेसे नाही, तिथे मुलाच्या भुकेवर जबाबदारी ढकलणे क्रूरपणाचे आहे. तिथे तेल-तुपाची, डाळीची, अंड्याची भर घालणे, अंगणवाडीचा आहार प्रत्यक्ष मुलाच्या पोटात जातो का हे पाहणे आणि आजारपणानंतर एक वेळ जास्त जेवू घालणे हेच काम आहे. पण तिथेही सक्तीने भागत नाही. शेजारी बसून, बोलत, धीराने, मुलाच्या खुणा ओळखत भरवणे हीच पद्धत जागतिक आरोग्य संघटना सगळ्यांसाठी सांगते. प्रोत्साहन वेगळे आणि बळजबरी वेगळी.

मग घरी करायचे काय? दिवसात तीन जेवणे आणि दोन छोटी खाणी, ठरलेल्या वेळी. मधल्या दोन-अडीच तासांत पाण्याशिवाय काही नाही. मूल सगळ्यांसोबत पाटावर किंवा खुर्चीत बसेल आणि घरात शिजले तेच, तिखट कमी करून, खाईल. सुरुवातीला प्रत्येक पदार्थ वयाच्या एका वर्षाला एक मोठा चमचा एवढाच वाढावा. मागितले तर आणखी. हाताने खाऊ द्यावे, सांडू द्यावे. खाली जुने वर्तमानपत्र अंथरले की झाले. वरण, उसळ, अंडे, मासे, नाचणीचे घावन, पालेभाजी घातलेले थालीपीठ, वर लिंबू पिळलेले असे आलटून पालटून समोर येत राहावे. वीस-पंचवीस मिनिटांनी ताट उचलावे, न रागावता आणि त्या जागी बिस्किट न देता. पहिले चार-पाच दिवस जड जातील, आणि ते मुलापेक्षा आपल्याला अधिक.

वजन-उंचीची नोंद माता-बाल संरक्षण कार्डावरच्या तक्त्यावर दोन-तीन महिन्यांनी करावी. शेजारच्या बाळाशी तुलना नको. आपल्या बाळाची रेषा वर चढते आहे ना, एवढे पाहावे. अंगणवाडीत, आशाताईंकडे पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना आठवड्यातून दोनदा देण्याचे लोहाचे औषध मिळते, ते डॉक्टरांना विचारून जरूर द्यावे. वर्षानंतर सहा महिन्यांनी जंताचे औषधही. रेषा सपाट झाली किंवा खाली वळली, मूल फिकट किंवा मलूल दिसू लागले, माती खाऊ लागले, वारंवार ठसका लागू लागला किंवा जुलाब-उलट्या थांबेनात, तर मात्र वेळ न घालवता डॉक्टरांकडे जावे. रेषा चढती असेल आणि मूल दिवसभर घर डोक्यावर घेत असेल, तर त्याने दोन घास टाकले म्हणून काळजी करू नये. ते पुरेसे खाते आहे.