एक खिडकी, दोन हुकूम

गेल्या शुक्रवारी आमच्या चौथीच्या मुलांनी संगणकावर काढलेली सगळी चित्रं पुसली गेली. पुसली कोणी? तुमच्या या बाईंनीच!

झालं असं. आमच्या शाळेच्या संगणकावर टर्मिनल नावाची काळी खिडकी आहे. तिच्यात माऊस फिरवायचा नाही, हुकूम टाइप करायचे. तेच तेच हुकूम रोज कोण टाइप करणार? म्हणून ते एका यादीत लिहून ठेवतात. या यादीला म्हणतात स्क्रिप्ट. माझ्या दोन स्क्रिप्ट होत्या. पहिली एकेका वर्गाच्या फोल्डरमध्ये जाऊन चित्रं पेन ड्राइव्हवर उतरवायची. दुसरी 'जुने' या फोल्डरमध्ये जाऊन तिथला कचरा पुसायची.

'टीमक्स' नावाची एक आज्ञावली २००७ सालापासून आहे. तिच्यामुळे टर्मिनलला नाव देता येतं, आणि स्क्रिप्ट त्या नावाच्या खिडकीत अक्षरं पाठवते, जणू कोणी बोटांनी टाइप करतंय. मी दोन्ही स्क्रिप्टमध्ये एकच नाव लिहिलं, 'शाळा'. आळस, दुसरं काय!

एरवी पहिलीचं काम संपल्यावरच दुसरी सुरू व्हायची. त्या दिवशी चित्रं जास्त होती, पहिली रेंगाळली, आणि दुसरी वेळेवर हजर झाली. तिने हुकूम दिला, "'जुने'मध्ये जा." लगेच पहिलीचा हुकूम आला, "'चौथी'मध्ये जा." मग दुसरी म्हणाली, "इथलं सगळं पूस." आता 'इथलं' म्हणजे कुठलं? खिडकी तर 'चौथी'त उभी! टर्मिनलमधून असं पुसलेलं कचरापेटीतही जात नाही. पहिली ते तिसरीची चित्रं तेवढी पेन ड्राइव्हवर पोचली होती.

शनिवारी वर्गात सांगितलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, "बाई, संगणकाला दिसलं नाही का, की ती आमची चित्रं आहेत?" नाही ना दिसत! एकही हुकूम चुकीचा नव्हता. दोन्ही स्क्रिप्ट शहाण्याच होत्या, फक्त एकमेकींचा पत्ता नव्हता.

घरी करून बघा. एक जण टर्मिनल होईल, त्याने डोकं चालवायचं नाही. ताईची चिठ्ठी: कपाटाकडे जा. वही घे. टेबलाकडे जा. हातातलं ठेव. दादाची चिठ्ठी: कागदाचा बोळा उचल. डब्याकडे जा. हातातलं टाक. दोघांनी आळीपाळीने एकेक ओळ वाचा. वही कुठे पोचते बघा! (गृहपाठाची वही घेऊ नका.)

सोपा उपाय म्हणजे दोघींना वेगळ्या नावाच्या खिडक्या. मी तो लगेच केला. शिवाय 'इथलं पूस' हा हुकूम काढून तिथे फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहिला. पण पेन ड्राइव्हसारखी एखादी वस्तू दोघींना वापरावीच लागली तर?

आगगाडीच्या एकेरी मार्गावर चालकाला लोखंडी गोळा देण्याची पद्धत होती. दोन स्टेशनांमधली यंत्रं तारेने जोडलेली. एकीकडून गोळा निघाला की दुसरीकडून दुसरा निघतच नाही. गोळा नाही तर गाडी नाही!

स्क्रिप्टलाही असा गोळा देता येतो. आधी मी लिहिलं, "चिठ्ठी आहे का बघ, नसेल तर ठेव." पण दोघींनी एकाच क्षणी बघितलं तर दोघींनाही जागा रिकामीच दिसणार! बघणं आणि ठेवणं एका दमात व्हायला हवं. त्यासाठी एक युक्ती आहे: ठरलेल्या नावाचा नवा फोल्डर करायचा. एका जागी त्या नावाचा फोल्डर एकदाच होतो; दुसरीला संगणक साफ नकार देतो. काम झालं की पहिलीने फोल्डर काढून टाकायचा.

आणि मध्येच वीज गेली तर? पहिली बंद पडली, फोल्डर तसाच राहिला, वीज आल्यावर दुसरी बिचारी वाटच बघत बसली. चौथीतला एक मुलगा म्हणतो, फोल्डरमध्ये स्क्रिप्टने आपलं नाव लिहून ठेवायचं. नुसतं नाव पुरेल का? विचार करून ठेवा, पुढच्या आठवड्यात बोलू.