अत्यवस्थ रुग्णाचे पोषण: दोन गैरसमज

‘सलाईन चालू आहे, म्हणजे पोटाची काळजी नाही’ हे अतिदक्षता विभागाबाहेर हमखास ऐकू येणारे वाक्य खरे नाही. नॉर्मल सलाईनमध्ये मीठ आणि पाणी असते, कॅलरी शून्य. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्धा लिटर बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे जेमतेम शंभर कॅलरी. प्रथिने दोन्हींत नाहीत. अशा रुग्णाचे शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खाते. श्वासाचे स्नायू क्षीण झाले की व्हेंटिलेटर सुटता सुटत नाही, खोकून कफ काढण्याचेही बळ उरत नाही.

यावरून पहिल्याच दिवसापासून भरपूर पोषण द्यावे, असा निष्कर्ष बरीच वर्षे काढला गेला. तोही टिकला नाही. आजाराच्या पहिल्या दिवसांत दाह आणि ताणाची संप्रेरके स्नायू मोडतच राहतात, यकृत साखर बनवतच राहते; बाहेरून ओतलेले अन्न ते थांबवू शकत नाही. बेल्जियममध्ये ४६४० रुग्णांवर झालेल्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शिरेवाटे पूरक पोषण लगेच सुरू केलेल्या गटापेक्षा आठव्या दिवसापर्यंत थांबलेल्या गटात जंतुसंसर्ग कमी आढळला आणि ते रुग्ण लवकर बाहेर पडले. रक्तात जे कमी दिसेल ते ओतावे, हा हिशेबही फसवा. सेप्सिसमध्ये क जीवनसत्त्वाचे मोठे डोस दिलेल्या रुग्णांची अवस्था २०२२ च्या चाचणीत उलट वाईट झाली.

मग कमतरता दुर्लक्षावी का? मुळीच नाही. दीर्घ उपासमार, दारूचे व्यसन किंवा क्षयाने आधीच खंगलेल्या रुग्णाला एकदम भरपूर अन्न मिळाले की इन्सुलिन वाढते, फॉस्फेट पेशींत शिरते आणि रक्तातली पातळी कोसळते. श्वासपटल दुबळे पडते, हृदयाचे ठोके बिघडतात. थायमिन नसेल तर साखरेचे ज्वलन अर्धवट राहून लॅक्टिक आम्ल साचते. म्हणून थायमिन आधी, ग्लुकोज नंतर.

आतडे चालत असेल आणि रक्तदाब सावरला असेल, तर ४८ तासांच्या आत नाकातल्या नळीने थोडे थोडे अन्न सुरू करावे आणि हळूहळू वाढवत प्रथिने वजनाच्या किलोमागे रोज १.३ ग्रॅमपर्यंत न्यावीत, असे युरोपीय मार्गदर्शन आहे. खंगलेल्या रुग्णात त्यासोबत फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम रोज पाहावे लागते. एवढेही न पाहता नळीतून भराभर अन्न सोडणे, ही उपचारातली हयगयच म्हणावी लागेल.