ल्युपस असताना आई होणं किती धोक्याचं? आधी कळू शकतं का?

‘ल्युपस आहे? मग मुलाचा विचार सोडा.’ असा सल्ला अनेक जणींना वर्षानुवर्षं मिळाला. पण तो सरसकट सगळ्यांना लागू होतो का? समजून घेऊ.

ल्युपस म्हणजे काय?

आपली रोगप्रतिकारशक्तीच आपल्या सांध्यांवर, त्वचेवर, मूत्रपिंडांवर हल्ला करते, त्या आजारांना ऑटोइम्यून आजार म्हणतात. ल्युपस त्यातलाच एक. दहा रुग्णांमागे साधारण नऊ महिला असतात आणि बऱ्याच जणींना तो ऐन तरुणपणी होतो. गरोदरपणात रक्तदाब वाढणं, वार नीट काम न करणं, बाळाची वाढ खुंटणं, वेळेआधी प्रसूती किंवा गर्भ दगावणं, असे धोके असतात.

संशोधन काय सांगतं?

अमेरिका आणि कॅनडातल्या ‘प्रॉमिस’ अभ्यासात ल्युपस असलेल्या ३८५ गर्भवतींची नोंद ठेवली गेली. २०१५ मध्ये निष्कर्ष आले. ८१ टक्के जणींना अभ्यासात मोजलेली कोणतीही गंभीर गुंतागुंत झाली नाही. मात्र त्यांचा आजार सुरुवातीला शांत किंवा फार तर मध्यम होता. आजार भडकलेला असेल, तर हा आकडा लागू होत नाही.

धोका कोणाला जास्त?

• रक्तात ‘ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट’ सापडणं (याने गुठळ्या होण्याचा धोका वाढतो)
• रक्तदाबाच्या गोळ्या सुरू असणं
• प्लेटलेट कमी असणं
• आजार सक्रिय असणं

म्हणजे धोक्याचा अंदाज पहिल्या तिमाहीतच, नेहमीच्या तपासण्यांमधून येऊ शकतो. धोक्याचा एकही घटक नसलेल्या गटात गुंतागुंतीचं प्रमाण ८ टक्क्यांच्या आत होतं, तर सर्वाधिक जोखमीच्या गटात ५८ टक्के.

मग आपल्याकडे?

इथे एक मेख आहे. गोऱ्या नसलेल्या महिलांमध्येही धोका जास्त दिसला. कारण शरीरात आहे की उपचार मिळण्यातल्या दरीत, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. त्यामुळे तिकडची टक्केवारी इथल्या महिलांना जशीच्या तशी लावता येणार नाही.

काय करायचं?

आजार किमान सहा महिने शांत असताना, संधिवाततज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांशी बोलून गरोदरपण ठरवा. मेथोट्रेक्सेट, मायकोफेनोलेटसारखी औषधं त्याआधीच बदलावी लागतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मात्र सहसा चालू ठेवतात. मनाने कोणतीही गोळी बंद करू नका.

‘मूल नको’ किंवा ‘काही होत नाही’ हे दोन्ही सल्ले तपासणीशिवाय दिले, तर ते अंदाजपंचेच.