हेलपाटा वाचला का, ते मोजा

अमेरिकेत राहणाऱ्या डॉक्टरची साक्ष मुंबईतल्या खटल्यात व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने नोंदवता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई’ या निकालात स्पष्ट केले. साक्षीदार दिसतो, ऐकू येतो, त्याची उलटतपासणी घेता येते. मग तो साता समुद्रापार असला तरी अडत नाही. या निकालाला वीस वर्षे उलटून गेली. तरीही एखाद्या वाडीवरचा साक्षीदार आजही पहाटेची एसटी पकडून न्यायालयात जातो, दिवसभर पुकाऱ्याची वाट पाहतो आणि संध्याकाळी पुढची तारीख घेऊन परततो. कधी न्यायाधीश रजेवर असतात, कधी समोरच्या वकिलाने मुदत मागितलेली असते. मजुरी मात्र प्रत्येक वेळी त्याचीच बुडते.

तंत्रज्ञान खेड्यात किती पोचले हे पाहायचे, तर असे किती हेलपाटे वाचले ते मोजायला हवे. पोर्टल किती सुरू झाली आणि अर्ज किती लाख आले, हे आकडे कार्यालयाच्या सोयीचे आहेत.

जिथे काम चांगले झाले, तिथे त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 15 रुपयांत मोबाइलवर मिळतो. पीककर्जाच्या हंगामात एका उताऱ्यासाठी तलाठी कार्यालयाचे खेटे घातलेल्या शेतकऱ्याला या सोयीची किंमत सांगावी लागत नाही. पण उतारा मिळणे वेगळे आणि उताऱ्यावर नाव लागणे वेगळे. वडील वारल्यावर वारसनोंदीचा अर्ज ऑनलाइन करता येतो. पुढे फेरफार धरायचा, नोटिसा काढायच्या, हरकतींसाठी पंधरा दिवस थांबायचे आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करायची. यातल्या कुठल्या टेबलावर अर्ज अडला हे संगणकाला नेमके ठाऊक असते. 2015च्या लोकसेवा हक्क कायद्याने सेवेला मुदत घातली, विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंडाची तरतूदही केली. त्यासाठी अपील मात्र अर्जदारानेच करायचे. ज्या अधिकाऱ्याकडे पुढच्या कामासाठी पुन्हा जायचे आहे, त्याच्याविरुद्ध अपील करायला किती जण धजावतील? मुदत टळली की प्रकरण आपोआप अपिलात जाईल, अशी व्यवस्था संगणकाने सहज करता येते. ती झाली तर हा कायदा खऱ्या अर्थाने गावात येईल.

सातबाऱ्याच्या संगणकीकरणातला एक अनुभव फार मोलाचा आहे. जुनी हस्तलिखित नोंद संगणकावर चढवताना नावे चुकली, क्षेत्रे बदलली, काही नोंदी गळाल्या. तेव्हा 2017 मध्ये राज्यभर चावडी वाचनाची मोहीम घेतली गेली. गावकऱ्यांसमोर उतारे मोठ्याने वाचायचे, ज्याची त्याने चूक दाखवायची. ज्याला अक्षर वाचता येत नाही, त्यालाही आपल्या बांधाची खबर असते. हजारो ओळींच्या माहितीची अशी तपासणी तालुक्याच्या कचेरीत बसून कधीच झाली नसती.

गावाला आधी विचारले नाही की काय होते, तेही दिसले. 2025च्या सप्टेंबरमध्ये लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा लाभार्थी बाईच्या आधारबरोबर पतीचे किंवा वडिलांचे आधार मागितले गेले आणि त्यांच्याही मोबाइलवर ओटीपी जाऊ लागला. जिचा नवरा वारला, जिला त्याने टाकले, जिचे वडीलही हयात नाहीत, तिने कोणाचा मोबाइल धरायचा? पुढे मुदत वाढली आणि अशा बायकांनी कागदपत्रे अंगणवाडी सेविकेकडे द्यावीत, असा मार्ग काढावा लागला. पोर्टल बनवताना एका अंगणवाडी सेविकेला शेजारी बसवले असते, तर ही अडचण पहिल्याच दिवशी कळली असती.

न्यायालयांच्या बाबतीत अंतर अजून मोठे आहे. ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्राने 2023 मध्ये 7,210 कोटी रुपये मंजूर केले. तारीख मोबाइलवर दिसते, निकालाची प्रत उतरवून घेता येते. मदतीसाठी ई-सेवा केंद्रेही आहेत, पण ती न्यायालयाच्या आवारात. तिथे पोचेपर्यंत पक्षकाराचा दिवस आणि भाडे दोन्ही गेलेले असते. अंतर कमी झाल्याने काय फरक पडतो हे उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचने दाखवले. ऑगस्ट 2025 मध्ये ते सुरू झाले, तोवर सिंधुदुर्गातल्या माणसाला उच्च न्यायालयासाठी सुमारे पाचशे किलोमीटरवरची मुंबई गाठावी लागे. या बेंचसाठी त्याखाली आलेल्या सहा जिल्ह्यांना अनेक दशके मागणी लावून धरावी लागली.

प्रत्येक तालुक्याला नवे न्यायालय देणे शक्य नाही, हे खरे. साक्षीसाठी मात्र कायद्याने दार उघडले आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार राज्य सरकारने अधिसूचित केलेल्या ठिकाणाहून साक्षीदाराची साक्ष दृकश्राव्य माध्यमातून नोंदवता येते. हे ठिकाण कुठले, यावर सगळे अवलंबून आहे. ते जिल्ह्याच्या गावी ठेवले तर फायदा सरकारी डॉक्टरांना आणि बदली झालेल्या पोलिसांना होईल. त्यांचा वेळ वाचणेही गरजेचेच आहे. पण धडगाव किंवा भामरागडच्या पाड्यावरच्या माणसाची पायपीट त्याने टळणार नाही. ते थेट ग्रामपंचायतीत ठेवणेही धोक्याचे, कारण आरोपी गावातलाच असला तर खोलीबाहेर त्याचीच माणसे उभी राहतील. म्हणून आठवडी बाजाराच्या मोठ्या गावात एक खोली घ्यावी. तिथे भरवशाची इंटरनेट जोडणी आणि वीज गेली तर बॅटरी हवी. न्यायालयाचा एक कर्मचारी साक्षीदाराजवळ बसावा, म्हणजे कोणी खाणाखुणा करून पढवणार नाही. गोंडी, भिली, कोरकू बोलणाऱ्यांसाठी दुभाषा असावा. कामकाज बाजाराच्या दिवशीच ठेवावे, कारण त्या दिवशी आसपासच्या पाड्यांवरची माणसे तिथे येतच असतात. आणि त्या दिवशी साक्ष होणार नसेल, तर आदल्या संध्याकाळी साक्षीदाराला त्याच्या बोलीत फोन जावा.