उंबरठ्यापाशी थांबलेले धोरण

२२ मे १९९७ रोजी मध्यरात्र उलटल्यावर जबलपूर भूकंपाने हादरले. त्यानंतर आमच्या जुन्या घराच्या भेगाळलेल्या भिंती आम्ही सावरून घेतल्या. न्हाणीघराच्या उंच उंबरठ्याकडे मात्र कोणाचे लक्ष गेले नाही. काही वर्षांनी त्यालाच अडखळून आई पडली आणि तिच्या मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, पण पुढे ती आधाराविना घरात वावरू शकली नाही. उंबरठा काढून भिंतीला दांडी बसवायला गवंड्याला एक दिवस पुरला. तो दिवस आम्हाला ती पडल्यानंतर सापडला.

प्रशासनात आयुष्य घालवलेल्या मला यात केवळ घरचा हलगर्जीपणा दिसत नाही. आपल्या धोरणांचा क्रमही हाच आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या नागरिकांना, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान भारत योजनेतून कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळते. २०१७ ची राष्ट्रीय वयोश्री योजना गरजू ज्येष्ठांना काठी, वॉकर, चाकांची खुर्ची देते. दोन्ही योजना स्वागतार्हच. पण ती खुर्ची घरात न्यायची कशी? दीड फूट उंच जोत्यासाठी १:१२ या प्रमाणित उताराचा रॅम्प अठरा फूट लांब होतो. जुन्या वस्तीतल्या गल्लीत एवढी जागा नसते. तेथे बुटक्या पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना कठडा, हाच व्यवहार्य मार्ग उरतो. तो कोणता, हे घर पाहिल्याशिवाय ठरत नाही.

घर ही खासगी बाब आहे, मुलांनी पाहावे, असा आक्षेप येईल. २००७ च्या कायद्याने पालकांच्या निर्वाहात निवासाचाही समावेश केलाच आहे. तो निवास वृद्धाला वावरण्याजोगा आहे की नाही, हे मात्र कोणी तपासत नाही. शिवाय ज्यांची मुले परगावी आहेत, जे भाड्याच्या घरात राहतात, त्यांचे काय? जपानने २००० साली सुरू केलेल्या दीर्घकालीन शुश्रूषा विम्यात घरातील बदलांसाठी दोन लाख येनपर्यंतचा खर्च मान्य होतो. त्यातला काही वाटा लाभार्थी उचलतो. आधारदांडी, उंचसखल भाग सपाट करणे, न घसरणारी फरशी, खुर्चीसारखे शौचकूप अशी साधीच कामे त्यात येतात.

आपल्याला जपानची तिजोरी नको, त्याचा क्रम हवा. महापालिकांनी प्रभागनिहाय घरतपासणी करावी, त्यासाठी गवंड्यांना प्रशिक्षण द्यावे, गरजूंना मर्यादित अनुदान द्यावे आणि अशा बदलांना घरमालकाने विनाकारण हरकत घेऊ नये, अशी तरतूद राज्यांनी करावी. पूजेचा उंबरठा दारात राहू द्या. न्हाणीघराचा तेवढा काढा. मोडलेल्या हाडासाठी पैसा देणाऱ्या शासनाने भिंतीतल्या दांडीसाठी हात आखडता घेणे, हे हिशेबातही बसत नाही.